भूछत्र : बागेचा मित्र, ताटातला अनोळखी



पावसाळी सत्र सुरू झाले की आपल्या आवारात एक गोष्ट हमखास घडते. रात्री जोराचा पाऊस पडतो आणि सकाळी पीटीसाठी फॉलिन होताना मैदानाच्या कडेला पांढऱ्या छत्र्या उभ्या दिसतात. काल संध्याकाळी खेळाच्या तासाला तिथे काहीच नव्हते. मग कोणी जाता जाता बुटाने त्या उडवतो, कोणी ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून नाक मुरडतो आणि कोणीतरी हळूच विचारतो, ‘‘सर, या खातात का?’’

या तिघांनाही उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे. तिसऱ्याचे उत्तर आधी सांगून टाकतो : नाही. आवारातले, रानातले, कॅम्पच्या वाटेवरचे कोणतेही भूछत्र खायचे नाही. पण ‘नाही’ एवढेच सांगून शिक्षकाचे काम संपत नाही. का नाही, हे कळले पाहिजे. आणि जे खायचे नाही ते तुडवायचेही का नाही, हेही कळले पाहिजे.

माझी चूक

मी मूळचा सिंधुदुर्ग जिल्ह्यातला. आमच्याकडे पाऊस स्थिरावला की वारुळावर अळंबी येते. आजी पहाटे उठून ठरलेल्या वारुळांवर जायची आणि पानात गुंडाळून अळंबी आणायची. ती जागा ती शेजारणीलाही सांगत नसे. त्या दिवशी घरात दुसरी भाजी होत नसे.

पुढे नोकरीनिमित्त उत्तरेतल्या एका निवासी शाळेत गेलो. पहिल्याच पावसाळ्यात क्वार्टरच्या मागच्या लॉनवर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. मला गाव आठवले. मी जीवशास्त्राचा शिक्षक होतो, कोकणातला होतो आणि अळंबी ओळखतो असा मला अभिमान होता. पत्नी म्हणाली, ‘‘इथल्या कोणाला तरी विचारा आधी.’’ मी विचारले नाही. रात्री आठ वाजता आम्ही दोघे जेवलो. मुलगी पाच वर्षांची होती, ती त्या दिवशी लवकर झोपी गेली म्हणून जेवायची राहिली.

दहाच्या सुमारास मला उलट्या सुरू झाल्या, अर्ध्या तासात पत्नीलाही. ती रात्र आम्ही दवाखान्यात सलाईन लावून काढली. दोन दिवसांनी बरे झालो. डॉक्टर एवढेच म्हणाले, ‘‘मुलीने खाल्ले नाही हे तुमचे नशीब. लहान मुलांच्या शरीरातले पाणी फार लवकर कमी होते.’’

घरी आल्यावर ओट्यावर राहिलेली एक छत्री मी कागदावर पालथी ठेवली. सकाळी कागदावर हिरवट ठसा उमटला होता. आजीच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी पडतो. तेव्हा मला कळले की मी ‘ओळखले’ नव्हते, मला फक्त ‘ओळखीचे वाटले’ होते. वारूळ कुठे होते? नव्हते. देठ जमिनीत खोल गेला होता का? मी खणून पाहिलेच नव्हते. पांढरे आहे आणि पावसात आले आहे, एवढ्या दोन गोष्टींवर मी निर्णय घेतला होता.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगितली. भूछत्राचे घरचे ज्ञान त्या घराच्या मातीपुरते खरे असते. बदलीच्या सामानात ते बांधून नेता येत नाही.

बुरशी म्हणजे नेमके काय?

बुरशी ही वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली, तेव्हा बुरशीला, म्हणजे कवकांना, स्वतंत्र सृष्टी दिली. त्याची कारणे सोपी आहेत. बुरशीत हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती आपले अन्न तयार करू शकत नाही. तिची पेशीभित्तिका कायटिनची असते. झुरळाचे किंवा खेकड्याचे कवच ज्या पदार्थाचे बनते, तोच हा पदार्थ. आणि ती अन्न गिळत नाही. ती विकरे बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते.

आपल्याला दिसते ते भूछत्र म्हणजे पूर्ण बुरशी नव्हे. आंबा म्हणजे जसे आंब्याचे झाड नव्हे, तसेच हे. खरी बुरशी जमिनीत, पालापाचोळ्यात किंवा लाकडात तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेली असते. या जाळ्याला कवकजाल म्हणतात. एकेक तंतू साधारण २ ते १० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक. हवा व ओल अनुकूल झाली की हे जाळे भूछत्र वर पाठवते आणि त्यातून बीजाणू हवेत सुटतात.

रात्रीत छत्री कशी उगवते, याचेही उत्तर इथेच आहे. ती रात्रीत ‘वाढत’ नाही. जमिनीखाली तिची बारीक कळी आधीच तयार असते. पाऊस पडला की त्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि छत्री उघडते. म्हणूनच बुटाने छत्री उडवली तरी बुरशी मरत नाही. आपण फक्त फळ तोडलेले असते.

बागेतील बुरशीची कामे

पहिले काम सफाईचे. वाळलेली पाने, फांद्या, मुळे यांत सेल्युलोज आणि लिग्निन असते. लिग्निन हा लाकडाला कणखरपणा देणारा पदार्थ आहे आणि तो पूर्णपणे कुजवणे मुख्यतः काही बुरशींनाच जमते. बुरशी नसती तर आपल्या आवारातला पाचोळा वर्षानुवर्षे साचून राहिला असता आणि त्यात अडकलेली पोषकद्रव्ये झाडांना परत मिळाली नसती. कंपोस्टच्या खड्ड्यात पांढरा कापसासारखा थर दिसला तर घाबरू नका, काम सुरू आहे असे समजा.

दुसरे काम मुळांच्या सोबतीचे. जमिनीवरच्या बहुसंख्य वनस्पतींच्या मुळांशी बुरशीचे नाते असते. या जोडीला कवकमूळ, म्हणजे मायकोरायझा, म्हणतात. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही. मुळाच्या लगतचा संपला की मूळ उपाशी राहते. बुरशीचे तंतू मुळापेक्षा बारीक असल्यामुळे मातीच्या लहानशा फटीतही शिरतात आणि लांबचा स्फुरद व पाणी आणून देतात. बदल्यात झाड त्यांना आपण तयार केलेली साखर देते. पुढची रसद तोडली तर तुकडी लढू शकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. जमीन वारंवार खोल खणली की हे जाळे तुटते, आणि स्फुरदाचे खत गरजेपेक्षा जास्त टाकले की झाड बुरशीशी नाते कमी करते. मोहरी व कोबी यांच्या कुळातली झाडे मात्र बहुधा या सोबतीविना वाढतात.

बस्तरमध्ये ‘बोडा’ आणि झारखंडमध्ये ‘रुगडा’ या नावाने विकली जाणारी जमिनीखालची भूछत्रे सालवृक्षाच्या मुळांशी असेच नाते ठेवून जगतात. म्हणून ती सालवनात मिळतात, बटण मशरूमसारखी खोलीत पिकवता येत नाहीत.

तिसरे काम थोडे वेगळे आहे. आजीची वारुळावरची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी ही बुरशी आपल्या वारुळात अक्षरशः शेतासारखी जोपासते. वाळवी पाचोळा व लाकूड खाऊन आपल्या विष्ठेचे मऊ थर रचते, त्यावर बुरशी वाढते आणि वाळवी ती खाते. पावसात तीच बुरशी लांब देठ जमिनीतून वर काढते. म्हणून या अळंबीचा देठ खणत गेले तर मुळासारखा निमुळता होत वारुळापर्यंत पोहोचतो.

चौथी बाजू रोगाची. गुलाबावरची व भोपळ्यावरची भुरी, गव्हावरचा तांबेरा हे बुरशीचेच रोग. पण रोगावर उपायही बुरशीतच सापडतो. रोपवाटिकेत शेणखतात मिसळून दिली जाणारी ट्रायकोडर्मा ही बुरशी रोपे कोलमडवणाऱ्या काही बुरशींवर मात करते. म्हणून बागेत दिसेल त्या बुरशीवर औषध फवारणे योग्य नाही. त्यात शत्रूबरोबर आपलेही मारले जातात.

एक गोष्ट मात्र पाहिली की लगेच हाउस मास्तरांना किंवा मालीजींना कळवा. गुलमोहरासारख्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखे कठीण, पंख्याच्या आकाराचे कवक दिसले तर ते बहुधा गॅनोडर्मा असते. ते मुळे व बुंधा आतून कुजवते. वरून हिरवे दिसणारे झाड वादळात अशाच ठिकाणी उन्मळते. त्या झाडाखाली फॉलिन किंवा सायकलींचा स्टँड नको.

आवारात दिसणारी काही भूछत्रे

हिरव्या ठशाची छत्री. शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. लॉनवर, पावसानंतर, कधी एकेकटी तर कधी मोठ्या वर्तुळात येते. छत्री १० ते ३० सेंटिमीटर रुंद, पांढरी, मध्यावर तपकिरी खवले. देठावर सरकणारे कडे असते. खालचे कल्ले आधी पांढरे, मग हिरवट-राखाडी होतात. मी फसलो ती हीच. भारतातील लॉनवर सर्रास आढळणारे हे विषारी भूछत्र आहे.

कुंडीतली पिवळी छत्री. ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमाय. कुंडीतल्या झाडाला तिच्यापासून काही त्रास नाही, ती फक्त खतातले सेंद्रिय द्रव्य खाते. पण पोटात गेली तर त्रास होतो.

शाईची छत्री. शेणखताच्या ढिगाजवळ किंवा जुन्या बुंध्याशी घोळक्याने येते आणि काही तासांत स्वतःच विरघळून काळी शाई गाळते. सकाळी पाहिली तर दुपारच्या जेवणानंतर परत जाऊन पाहा.

घरट्याची बुरशी. फुलझाडांच्या वाफ्यातल्या काटक्यांवर सेंटिमीटरभराच्या बारीक वाट्या दिसतात आणि त्यांत मसुरीसारखी ‘अंडी’. ही अंडी म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. पावसाचा थेंब वाटीत नेमका पडला की त्या उडून लांब जातात.

वर्तुळे. लॉनवर कधी गवताचे गडद हिरवे कडे आणि त्यावर छत्र्यांची रांग दिसते. कवकजाल एका ठिकाणापासून चहूबाजूंना पसरते. कडेला ते जोमात असते, तिथे नत्र मोकळे होते आणि गवत जास्त हिरवे होते.

ओळख कशी पटवावी?

नकाशावाचनाच्या तासाला स्वतःची जागा काढताना तुम्ही एका खुणेवर बेअरिंग घेऊन थांबत नाही. दोन घेता आणि तिसरे पडताळणीसाठी घेता. तीन रेषा जुळल्या नाहीत तर कुठेतरी चूक आहे. भूछत्राचेही तसेच आहे. एका लक्षणावर ओळख पटत नाही. वहीत पुढील नोंदी करा :

१. जागा : लॉन, पाचोळा, लाकूड, शेण की वारूळ? जवळ कोणते झाड?
२. तारीख आणि आदल्या दोन दिवसांचा पाऊस.
३. छत्री : रुंदी, रंग, आकार, वर खवले किंवा सुटे तुकडे आहेत का?
४. छत्रीच्या खाली : पातळ कल्ले, बारीक छिद्रे की काटे? कल्ले देठाला चिकटलेले की सुटे?
५. देठ : लांबी, पोकळ की भरीव, त्यावर कडे आहे का?
६. बुंधा : हा सर्वांत महत्त्वाचा. छत्री तोडू नका, खुरप्याने मुळापासून उचला. तळाशी पिशवीसारखा पेला आहे का? हा पेला मातीत लपलेला असतो. छत्री वरून खुडणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.
७. कापल्यावर किंवा दाबल्यावर रंग बदलतो का?
८. बीजाणूंचा ठसा.

ज्यांच्या तळाशी पेला, देठावर कडे आणि ठसा पांढरा, अशा भूछत्रांपासून दूर राहा. ॲमॅनिटा वंशातली सर्वांत घातक भूछत्रे अशीच असतात. मात्र ‘पेला नाही म्हणजे सुरक्षित’ असा उलटा अर्थ काढू नका. माझ्या लॉनवरच्या छत्रीला पेला नव्हता. तसेच जमिनीतून नुकतेच वर आलेले पांढरे गोळे निरुपद्रवी वाटतात, पण ॲमॅनिटाची कळीही अशीच अंड्यासारखी दिसते. उभे कापले की आत दुमडलेली छोटी छत्री दिसते.

ठसा घेण्याची कृती. देठ छत्रीजवळ कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या. छत्री पालथी न करता, कल्ले खाली येतील अशी दोन्ही रंगांवर ठेवा. वर वाटी झाका. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी छत्री उचलली की बीजाणूंची रांगोळी दिसेल. पांढरा ठसा काळ्या भागावर दिसतो, म्हणून दोन रंग. बटण मशरूमच्या वंशात ठसा चॉकलेटी, शाईच्या छत्रीचा काळा, भाताच्या पेंढ्यावरच्या भूछत्राचा गुलाबी आणि माझ्या त्या छत्रीचा हिरवट.

हात लावल्याने विषबाधा होत नाही. विष पोटात गेले तरच काम करते. तरीही हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा आणि नमुने मेसमध्ये किंवा डॉर्मिटरीत नेऊ नका.

ज्या कसोट्यांवर विसंबू नये

देशभरातून आलेल्या कॅडेटांना मी दरवर्षी विचारतो, ‘‘तुमच्या घरी विषारी भूछत्र कसे ओळखतात?’’ उत्तरे वेगवेगळ्या भाषांत येतात, पण गोष्टी त्याच असतात. आणि सगळ्या चुकीच्या असतात.

‘शिजवताना चांदीचा चमचा किंवा लसूण टाकला आणि काळा पडला तर विषारी.’ घातक विषांचा चांदीवर वा लसणीवर काही परिणाम होत नाही.
‘किड्याने, गोगलगायीने किंवा माकडाने खाल्ले म्हणजे चालते.’ त्यांचे शरीर वेगळे, आपले वेगळे.
‘रंगीत ते विषारी, पांढरे ते चांगले.’ जगातली काही सर्वांत घातक भूछत्रे शुभ्र पांढरी आहेत.
‘लाकडावरचे सगळे चालते.’ गॅलेरिना नावाचे छोटे तपकिरी भूछत्र लाकडावरच येते आणि त्यात यकृत निकामी करणारे विष असते.
‘नीट उकळले, वाळवले की विष जाते.’ ॲमॅनिटातील विष शिजवून जात नाही.
‘चव कडू लागेल.’ घातक भूछत्र खाऊन वाचलेल्यांनी त्याची चव चांगली होती असेच सांगितले आहे.

ओळखीच्या चेहऱ्याचा धोका

एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानातली भूछत्रे खाल्ल्यामुळे काही दिवसांतच १३ जणांचा मृत्यू झाला. त्यांत चहामळ्यांत राहणाऱ्या कुटुंबांतले बरेच जण होते. त्या भागात मोसमात भूछत्रे गोळा करून खाण्याची रीत जुनी आहे. म्हणजे अनुभव असलेल्या ठिकाणीही चूक होते.

दुसरे उदाहरण परदेशातले. ‘डेथ कॅप’ या नावाने ओळखले जाणारे ॲमॅनिटा फॅलॉइडिस मूळचे युरोपातले. झाडांच्या रोपांबरोबर ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. आग्नेय आशियातून तिथे स्थायिक झालेल्या काही कुटुंबांना ते गावाकडच्या, भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या खाण्याच्या भूछत्रासारखे वाटले. दोन्हींच्या तळाशी पेला असतो. फरक ठशात : एकाचा गुलाबी, दुसऱ्याचा पांढरा. त्यांच्या गावात डेथ कॅप नव्हतेच, त्यामुळे हा फरक पाहायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. माझ्याकडून जे झाले तेच त्यांच्याकडून झाले. मी हलक्या विषावर सुटलो, ते सुटले नाहीत.

महाराष्ट्रात अळंबी, विदर्भात सात्या आणि टेकोडे, गोव्यात ओळमी, हिमाचलात गुच्छी, उत्तरेत खुंबी. नावे आणि रीती जागेजागेच्या. सुट्टीत घरी गेलात आणि जाणत्या माणसाने त्याच्या ठरलेल्या जागेची अळंबी वाढली, तर तो त्या घराचा प्रश्न. पण तुम्ही स्वतः, दुसऱ्या प्रदेशात, ‘आमच्याकडे हे खातात’ म्हणून काही तोडू नका.

कॅम्पमध्ये किंवा वाट चुकल्यावर काय, असा प्रश्न साहसी कॅडेट विचारतातच. भूछत्रात सुमारे ९० टक्के पाणी असते, ऊर्जा अगदी थोडी. माणूस अन्नाशिवाय कित्येक दिवस काढू शकतो. पण उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी गेले की चालणेही अशक्य होते. मिळणारा लाभ नगण्य आणि धोका प्राणाचा. असा सौदा कोणताही शहाणा सैनिक करणार नाही.

कोणी खाल्लेच तर

लक्षणांची वाट पाहू नका. खाल्ल्याचे कळताच एमआय रूममध्ये जा. घरी असाल तर १०८ किंवा ११२ वर फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात न्या.

लक्षणे किती वेळाने सुरू झाली, ही नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. हिरव्या ठशाच्या छत्रीचा त्रास साधारण एक ते तीन तासांत सुरू होतो. ॲमॅनिटाचा त्रास मात्र ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास जास्त गंभीर समजावा. या विषात आणखी एक फसवणूक आहे. पहिल्या दिवसाच्या उलट्या-जुलाबांनंतर रोग्याला बरे वाटू लागते. घरचे निर्धास्त होतात. त्याच वेळी आत यकृत खराब होत असते, आणि दोन-तीन दिवसांनी ते लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हणून रुग्णालय सोडायचे नाही.

सोबत न्यायच्या गोष्टी : उरलेले भूछत्र मुळासकट, कागदी पिशवीत (प्लास्टिकमध्ये ते लवकर सडते), उरलेली भाजी, कोणी, किती वाजता, किती खाल्ले याची चिठ्ठी. ज्यांनी ज्यांनी ते खाल्ले त्या सर्वांना न्या, ज्यांना त्रास नाही त्यांनाही. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, घरगुती औषधे देऊ नका. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा क्रमांक एमआय रूममध्ये आणि प्रत्येक हाउसच्या फलकावर लावलेला असावा, अशी माझी सूचना आहे.

पालकांना विनंती. क्वार्टरच्या अंगणात लहान मुले किंवा पाळीव कुत्रे खेळत असतील तर छत्र्या उघडण्याआधीच हातमोजे घालून काढून टाका. त्यासाठी लॉन खणायची किंवा औषध मारायची गरज नाही. कवकजाल जमिनीत आपले काम करत राहील.

खायचीच असतील तर पिकवा

भूछत्र हे चांगले अन्न आहे, फक्त ते ओळखीच्या बियाण्यातून आलेले असावे. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे मशरूम संशोधन संचालनालय आहे आणि सोलनला मशरूमचे शहर म्हणतात. शाळेच्या कृषी मंडळात आपण धिंगरी सहज पिकवू शकतो. भाताचा किंवा गव्हाचा पेंढा ३ ते ५ सेंटिमीटर कापून भिजवायचा, गरम पाण्यात निर्जंतुक करायचा, निथळून पिशवीत थरावर थर भरताना मध्ये धिंगरीचे बियाणे, म्हणजे स्पॉन, पसरायचे आणि पिशवीला भोके पाडून अंधाऱ्या, दमट खोलीत ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत पेंढा पांढऱ्या जाळ्याने बांधला जातो. पिशवी उघडून पाणी शिंपडत राहिले की काही दिवसांत धिंगरी फुटते. छत्रीची कड वर वळण्याआधी तोडा. खोलीत शिरताना तोंडावर रुमाल किंवा मास्क असावा, कारण धिंगरीचे बीजाणू श्वासात गेल्यास काहींना त्रास होतो. पीक संपल्यावर उरलेला पेंढा कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ द्या.

स्वाध्याय व उपक्रम

१. भूछत्र बुटाने उडवल्यावर बुरशी का मरत नाही?
२. कल्ल्यांखाली दुरंगी कागद का ठेवतात?
३. विषबाधेत ‘मधला बरे वाटण्याचा काळ’ धोक्याचा का?
४. या सत्रात प्रत्येक हाउसने आवारातील पाच भूछत्रांचे फोटो, आठ नोंदी आणि ठसे जमवावेत. ठसे सुकल्यावर पारदर्शक टेप लावून वहीत चिकटवा. नावाच्या रकान्यात खात्री नसेल तर ‘ओळख पटली नाही’ असे स्पष्ट लिहा. या उत्तराला पूर्ण गुण मिळतील.

त्या शेवटच्या ओळीबद्दल दोन शब्द. रात्रीच्या पहाऱ्यावरचा संतरी अंधारातल्या माणसाची चाल ओळखीची वाटली म्हणून त्याला आत सोडत नाही. थांबवतो, विचारतो, खात्री करतो. त्या रात्री लॉनवर मी एवढेच केले असते तर पुरे होते. आता पावसात छत्र्या दिसल्या की मी खुरपे, कागद आणि वाटी घेऊन जातो. त्या कामात माझी मुलगी मला मदत करते. तुम्हीही या.